गाव पावणं गेलं

आई,

गाव निघालं. काल दुपारी, दिवसाउजेडी, पाणी रस्त्यावर चढायच्या आधी, म्हसरांसकट, आपलं अख्खं गाव निघालं. हे वाक्य मी कालपासून कितीजणांना ऐकवलं असेल. फोनवर ओरडून सांगितलं, ऑफिसच्या ग्रुपवर लिहिलं, आज सकाळी दूध न्यायला आलेल्या माणसालाही सांगितलं. तो "बरं बरं" म्हणाला आणि किटली घेऊन निघून गेला. पण हे ऐकून जिला उभ्या उभ्या हसू फुटलं असतं ती तू, आणि तुलाच सांगायचं राहिलं की. म्हणून लिहायला बसलेय. कुठे बसलेय ते ओळख. माळावर, अक्काच्या सोप्यात, तू टेकून बसायचीस त्याच खांबाला टेकून. पाऊस चालूच आहे. परसात बंब पेटलाय, आंघोळीला नंबर लागलेत आणि अंगणात आपल्या गल्लीतल्या म्हशी अक्काच्या म्हशींना शिंगं दाखवताहेत. मला इतका आनंद झालाय की ओळी वरखाली जाताहेत. अक्षराबद्दल रागावू नकोस.

तू गेलीस तेव्हा मी एका लहानशा संस्थेत नुकतीच लागले होते, आणि "तितं तू करतीस तरी काय?" या तुझ्या प्रश्नाला मला कधी धड उत्तर देता आलं नाही. आता तर जास्तच पंचाईत आहे. आता मी दहा-बारा संस्थांच्या कन्सॉर्शियमची प्रमुख आहे. कन्सॉर्शियम म्हणजे भावकी समज. कुणाकडे होड्या, कुणाकडे डॉक्टर, कुणाकडे जनावरांचा चारा, कुणाकडे पैसा, आणि आपल्यामुळेच घर चाललंय असं ज्याला त्याला वाटतं. पुरानं घर सोडावं लागलेल्या माणसांचा निवारा, जेवण, औषधपाणी आणि पाणी ओसरल्यावर त्यांचं परत जाणं, हे सगळं एकमेकांच्या पायात पाय न घालता बघायचं, असं आमचं काम. कळंब्याला तळ्याच्या अलीकडे ऑफिस आहे. तिथल्या लांब टेबलाभोवती ही भावकी बसते आणि मधोमध मी, थोरल्या जावेसारखी. ताडपत्री निळी घ्यायची की पिवळी, यावरून आमच्यात एकदा अख्खी दुपार भांडण झालंय. तू असतीस तर सगळ्यांना चहा पाजून गप्प केलं असतंस. मी आवाज चढवते. आवाज तुझाच आहे, त्यामुळे चालून जातं.

मी चौथीत असतानाचा पूर तू विसरली असशील असं मला वाटत नाही. मला तर तो अजून डोळ्यांपुढे दिसतो. जयसिंगपुरातल्या एका शाळेचा वर्ग आहे. बाकं भिंतीला लावून ठेवलीत, फळ्यावर कुणाचं तरी अर्धवट पुसलेलं गणित आहे आणि फरशीवर आपल्यासारखी सात-आठ घरं. म्हशी तशाच सोडून द्याव्या लागल्या म्हणून आबा कुणाशी बोलत नाहीत. तू भिंतीकडे तोंड करून बसलीयस. बाहेर ट्रक येतो, वरून माणसं पाकिटं फेकतात, आणि मी बाकीच्या पोरांबरोबर हात वर करून पळत सुटते. पाकीट हातात यायच्या आधी माझा दंड तुझ्या हातात असतो. "हात पसरायचा न्हाय," तू म्हणतेस. "बोलावल्याबिगर कुणाच्या पानावर बसायचं न्हाय." मी रडत सांगते की मला भूक लागलीय. "मलाबी लागलीया," तू म्हणतेस आणि परत भिंतीकडे तोंड करून बसतेस. पुढे मला किती शिक्षण मिळालं, किती प्रशिक्षणं झाली, पण उपाशी माणसाला काय काय लागतं ते मी त्या वर्गात शिकले.

दुसऱ्या दिवशी अक्का आली. तेव्हा ती कुणाची कोण, हे आपल्याला माहीत नव्हतं. माळावरच्या गावातली एक धिप्पाड बाई, डोक्यावर पोत्याची खोळ, ती आपल्या नात्यातलं कुणी शाळेत आहे का ते बघत वर्गावर्गातून फिरत होती. तिची माणसं काही तिला सापडली नाहीत. तुझ्या पाठीमागे येऊन मात्र ती थांबली.

"कुठल्या गावच्या, पावणं?"

तू गावाचं नाव सांगितलंस.

"आनि म्हायार?"

तेही सांगितलंस, पण मान न वळवता.

"अगं, मग माझ्या थोरल्या जावंचं म्हायार तुमच्या शिवंला लागून की! म्हंजी पावण्यातलीच झालीस. हितं काय बसलीयास? ऊठ, घराकडं चल."

"वळख ना पाळख, असं कसं येऊ?"

"आत्ता झाली की वळख. न्ह्यायला आलोय म्हटल्यावर उठायचं असतंय, बाय."

आणि तू उठलीस! आबा बघतच राहिले. जावेच्या माहेराच्या शिवेवरून जुळवलेलं नातं, आई, जगात आणखी कुठे कुणी असलं नातं काढत असेल असं मला वाटत नाही. पण त्या नात्यावर आपण या सोप्यात राहिलो. पहिल्या दिवशी तू पाहुणीसारखी ताटावर बसलीस, आणि दुसऱ्या दिवशी अक्काला चुलीपुढून उठवून भाकरी थापायला लागलीस. दोघींचं आवाज चढवून बोलणं ऐकून मला आधी वाटलं भांडण चाललंय. ते तुमचं हसणं होतं. पाणी ओसरून आपण निघालो तेव्हा अक्कानं तुला पाटावर बसवून तुझी ओटी भरली. नारळ, खण, गहू. आपलं घर चिखलानं भरलेलं, दारात मेलेलं कुत्रं, भिंतीला ओल, आणि तू भरल्या ओटीनं उंबरा ओलांडलास. तुझी मान तेव्हा कशी होती ते मला अजून दिसतं.

त्यानंतरच्या म्हाईला, गावजेवणाला, तू अक्काच्या घरच्यांना बोलवायचं ठरवलंस. आबांनी कुणाकरवी तरी निरोप धाडला आणि मोकळे झाले. तू त्यांच्यावर जी कडाडलीस! "नुस्तं सांगून भागतंय व्हय? आणाय मानूस जायला नगं? मुराळी गेल्याबिगर कुनाच्या घरची बाय पाय उचलती का?" माहेरवाशिणीला न्यायला जातो तो मुराळी, हे मला ठाऊक होतं. पण तुझ्या लेखी अक्काचं अख्खं घर माहेरवाशीण होतं. आबा गुपचूप गाडी जुंपून माळावर गेले. हे सगळं आत्ता लिहितेय त्याला कारण आहे, ते येईलच.

मागच्या मोठ्या पुरात आपलं गाव वेळेवर बाहेर पडलं नाही. शाळेत जाऊन रांगेत उभं राहायला नको, म्हणून लोक गच्च्यांवर बसून राहिले. शेजारच्या तात्यांची बायको, आपल्या काकू, गच्चीच्या पायऱ्यांवरून घसरल्या, खुबा मोडला. त्यांना बाजेसकट होडीत घातलं तेव्हा त्या किंचाळत होत्या, आणि त्या होडीत मी होते. पुढे शिबिरात त्यांना नैसर्गिक विधीला न्यायलासुद्धा चार अनोळखी माणसं लागायची. तेव्हापासून तात्यांनी जाहीर करून टाकलंय, "मेलो तर घरात मरू, पुन्यांदा शाळंत जायचं न्हाय." तुला तात्या माहीतच आहेत. काकू अजून उठून चालू शकत नाहीत आणि तात्या निघाल्याशिवाय आपली गल्ली निघत नाही.

म्हणून मी कळंब्याच्या त्या टेबलावर तुझी गोष्ट मांडली. तुझं नाव नाही सांगितलं, नुसती गोष्ट. म्हटलं, नदीकाठच्या प्रत्येक घराला माळावरचं एक घर जोडून देऊ. पूर नसताना त्यांनी एकमेकांकडे जावं-यावं, जेवावं, आणि पाणी वाढलं की खालच्यांनी वरच्यांकडे पाहुणं म्हणून जावं. जेवणाखाण्याचा, चाऱ्याचा, औषधाचा भार आम्ही मागच्या दारानं उचलू. पुण्याहून येणारे एक साहेब आहेत, पैसा त्यांच्या संस्थेचा. ते म्हणाले, "मॅडम, पाहुणचार ही काय योजना झाली का? तो मोजायचा कसा?" मी म्हटलं, ढेकरा मोजा. सगळे हसले, आणि हसता हसता एका पावसाळ्यापुरती परवानगी मिळाली. या खेपेला गाव निघालं नाही, तर पुढच्या वर्षीपासून पुन्हा तंबू आणि पाकिटं, हेही तिथेच ठरलं.

मग मी कामाला लागले. काय मजा आली म्हणून सांगू! या म्हाईला माळावरची घरंच्या घरं आपल्या गावात जेवायला आली. अक्का तात्यांच्या घराशी जोडलेली. ते मी मुद्दाम केलं, कुणाला सांगू नकोस. काकूंच्या बाजेशेजारी बसून अक्कानं त्यांना भरवलं, आणि जाताना तात्या वेशीपर्यंत तिला पोचवायला गेले. मला वाटलं, जिंकलं. मग आमच्या भावकीनं घाण केलीच. पावसाळ्याच्या तोंडावर माळावरच्या घरांच्या दारांवर रातोरात स्टिकर लागले. वर ठळक अक्षरात "पूरग्रस्त निवारा" आणि खाली आमच्या सगळ्या संस्थांची बोधचिन्हं, लग्नपत्रिकेत अख्ख्या भावकीची नावं घालावीत तशी. सकाळीच अक्काचा फोन. "ह्ये दारावर काय डकवलंयसा? माझ्या घरात पूरग्रस्त येनार न्हाईत, पावणं येनार हायत. मी उलथन्यानं खरवडून काढलंय, सांगून ठेवतो." त्या दिवशी मी ऑफिसात एवढा आवाज चढवला की खालच्या मजल्यावरचा दवाखानावाला वर बघायला आला. स्टिकर निघाले. एक संस्था रुसून भावकीतून निघून गेली. जाऊ दे म्हटलं.

आता कालचं सांगते. धरणातून पाणी सोडल्याचा निरोप पहाटेच आला होता. नदी पात्राबाहेर पडली होती आणि ओढ्यावरची मोरी संध्याकाळपर्यंत बुडणार, हे नक्की होतं. मोरी बुडाली की गावाचं बेट होतं, हे तुला सांगायला नको. मी सकाळीच गावात पोचले. आम्ही ठरवलेल्या बसगाड्या देवळापुढे रांगेनं उभ्या. रिक्षावर कर्णा बांधलेला, त्यातून "ग्रामस्थांना नम्र विनंती" चाललेली. आणि गाव? गाव आपलं धार काढतंय, भाकरी खातंय, ओढ्यापर्यंत जाऊन पाणी बघून येतंय. एकही माणूस बसमध्ये चढेना. साहेबांचा फोन आला, "होड्या पाठवायच्या का? मला दुपारपर्यंत कळलं पाहिजे." मी तात्यांच्या दारात गेले.

"तात्या, उठा की. सांच्याला मोरी बुडती."

"बगू की सांच्याला."

"मग काकूला कसं काढायचं? परत होडी?"

"जायाचं तरी कुठं?"

"माळावर. अक्काकडं. ती जेवाय आलती न्हवं तुमच्याकडं?"

"आलती की. आमचा थोरला तिला आणाय गेलता, तवा आलती." तात्यांनी रस्त्यावरच्या रिक्षाकडे हनुवटी उडवली. "आमास्नी आणाय कोण आलंय? तुझा कर्णा?"

आई, मी तिथेच पावसात उभी राहिले आणि मला तुझा आवाज ऐकू आला. आबांवर कडाडलेला. मुराळी गेल्याबिगर कुनाच्या घरची बाय पाय उचलती का? एवढ्या बैठका, एवढे नकाशे, एवढ्या बसगाड्या, आणि मी न्यायला माणूस पाठवायचीच विसरले होते. तुझी मुलगी असून! मी तिथूनच अक्काला फोन लावला. म्हटलं, "अक्का, न्यायला या." तर ती उलटी माझ्यावरच खेकसली, "आमी कवापास्नं तयार हाय. तुमच्या गाड्या आणनार म्हटलासा, म्हणून गप बसलोय. पावण्यास्नी दुसऱ्याच्या गाडीतनं बोलवायचं, ह्ये कुनी शिकवलं तुला? खुळी हाईस काय?" मी हो म्हटलं. खुळीच आहे.

तासाभरात ट्रॅक्टर आले. वेशीतून ओळीनं, दिवे लावून, ट्रॉल्यांत गवत अंथरून, वर ताडपत्र्या बांधून. निळ्याही होत्या आणि पिवळ्याही. प्रत्येक ट्रॅक्टर आपापल्या पाहुण्याच्या दारात जाऊन थांबला आणि प्रत्येकावरून कुणी ना कुणी खाली उतरून हाक घातली, "चला पावणं, न्ह्यायला आलोय!" या टोकापासून त्या टोकापर्यंत गल्लीभर तीच हाक. अक्का स्वतः आली होती. एवढं वय झालेलं, गुडघे गेलेले, ट्रॉलीत प्लास्टिकच्या खुर्चीवर छत्री उघडून बसलेली. तिला दोघांनी धरून उतरवलं. तिनं तात्यांच्या दारात उभं राहून काकूंनाच हाक मारली, "चल गं पावणी, बाजंसकट न्हेतो तुला." तात्या उठले, खुंटीवरची टोपी घातली, म्हणाले, "दारात आणाय आल्यावर काय बोलायचं?"

आणि मग काय केलं असेल? चहा! मुराळी आलाय, तो कोरड्या तोंडानं परत कसा जाईल? मोरीखाली पाणी घुसळतंय, आणि आपल्या गावात घराघरांतून स्टोव्ह पेटले. मी गल्लीतून ओरडत पळतेय, "चा नगं, आधी निघा, माळावर जाऊन प्या," आणि जिथे जाईन तिथे माझ्याच हातात कप. तात्यांच्या सुनेनं तर शिरा केला होता. साहेबांचा परत फोन आला तेव्हा माझ्या तोंडात शिरा होता. मी कसंबसं म्हटलं, "होड्या नकोत, चहा चाललाय." ते काय समजले देव जाणे.

पण निघाले, आई! कपबश्या धुऊन पालथ्या घातल्या आणि निघाले. ट्रॉल्या पुढे, म्हसरं मागे, त्यांच्यामागे आमच्या रिकाम्या बसगाड्या. काकूंची बाज गवतावर आणि अक्काची खुर्ची तिच्या उशाशी. मोरीवरून शेवटची म्हैस गेली तेव्हा पाणी रस्त्याच्या टीचभर खाली होतं. पलीकडे गेल्यावर मी मोरीकडे तोंड करून लहान पोरासारख्या टाळ्या वाजवल्या. ड्रायव्हर बघत होता, बघू दे. आज सकाळी पाहणीला गेलेल्या होडीवरून आपल्या दारात कमरेएवढं पाणी असल्याचा निरोप आलाय. घर बुडतंय आणि मी आनंदानं पत्र लिहितेय, पण गावात माणूस नाही की म्हैस नाही. काकू आत्ता माझ्यापासून पाच पावलांवर अक्काशी भांडताहेत. मला भाकरीचं पीठ मळायला दे, बसल्या बसल्या मळते, असं त्यांचं म्हणणं आहे. पाणी उतरल्यावर सगळ्या बायकांच्या ओट्या भरायच्या म्हणून अक्कानं मला खण आणायला सांगितलंय. साहेबांच्या पैशातून नको, असं बजावूनही सांगितलंय.

एक मात्र कुणालाच सांगितलेलं नाही. निघायच्या आधी, चहाच्या त्या गोंधळात, अक्का काठी टेकत तुझ्या घराकडे गेली. आबा गेल्यापासून दाराला कुलूपच आहे. मी मागोमाग गेले, तिला वेळ होतोय म्हणून सांगायला. ती तुझ्या उंबऱ्यापुढे उभी होती. तू गेलीस तेव्हा ती तुझ्या मातीला आलेली, तिला सगळं ठाऊक आहे. तरी तिनं हाक घातली, गल्लीत बाकीचे घालत होते तशीच, मोठ्यानं, "चल पावणी, न्ह्यायला आलोय." मग थोडी थांबली आणि परत फिरली.

हे मी आमच्या माहितीपत्रकांच्या कोऱ्या बाजूंवर लिहिलंय, दुसरा कागद हाताशी नव्हता. अक्काला बंब पेटवायला कागद लागतातच. उद्या सकाळी हे तिला देईन, पाहुण्यांच्या आंघोळीचं पाणी तरी तापेल.

आणि खरं सांगायचं तर, ट्रॉलीत बसताना मी माझ्या शेजारी गवत सारखं करून थोडी जागा ठेवली होती. तात्यांचा थोरला म्हणाला, "ताई, सरका की जरा. कोन यायचं ऱ्हायलंय व्हय?" मी म्हटलं, "व्हय." त्यानं मोरीपर्यंत वाट बघितली. मग रेडकू दमलं होतं, ते उचलून त्यानं तिथे ठेवलं आणि मी त्याला मांडीशी धरून बसले.